थंड झालेली कॉफी

माझ्या लेकीच्या, रनादच्या प्रबंधाचा प्रश्न होता, ‘आपल्या जॉर्डनच्या इर्बिद शहरातल्या मुली लग्नानंतर विद्यापीठ का सोडतात?’ तिचे मार्गदर्शक डॉक्टर नव्वाफ यांनी तो तीनदा परत पाठवला. दर वेळी कागदाच्या कोपऱ्यात तेच: “उत्तर आधीच ठाऊक असेल, तर तो प्रश्नच नव्हे. सुधारून आणा.”

“अगं, विषय बदल की,” मी म्हटलं.

“उत्तर ठाऊक आहे म्हणतात, आई. सांगत मात्र कुणीच नाही.”

शुक्रवारी हेच डॉक्टर वीस पुरुष घेऊन आमच्या बैठकीत आले, पुतण्यासाठी रनादला मागणी घालायला. रीतीप्रमाणे त्यांनी कॉफीचा कप ओठांना न लावता खाली ठेवला आणि माझ्या यजमानांना म्हणाले, “मागणी मान्य झाल्याशिवाय तुमची कॉफी पिणार नाही, अबू खलील.” होकार आठवड्यापूर्वीच फोनवर ठरला होता. रनादला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

माझे यजमान “प्या, डॉक्टर” म्हणणार, तोच दाराआडून, माझ्या शेजारून रनाद उठली आणि थेट बैठकीत जाऊन उभी राहिली.

“डॉक्टर, बाबा काय उत्तर देणार, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?”

“अगं पोरी,” डॉक्टर हसले, “ठाऊक नसतं तर वीस माणसं घेऊन तोंडघशी पडायला आलो असतो का?”



रनादने भरलेला कप उचलला. “मग सुधारून आणा,” म्हणाली, आणि कप घेऊन आत आली.