इंजिन बसवायला खाली ये

"हे इंजिन बसणार नाही," असं ठसठशीत लिहून हिसानोरीने कागद दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवला.

पलीकडे आई जेवणाचं ताट उचलत होती. "का बसणार नाही? बाबांना कारण लागतं, माहितेय ना?"

"सहा सिलिंडरचं आहे, लांबीला जास्त. तेलाचं पॅन खालच्या आडव्या पट्टीवर घासेल. सगळं लिहिलंय."

"सांगते हो. आणि भात अर्धा टाकलास. तो कुणी संपवायचा, मी?"

नऊ वर्षं झाली, हिसानोरी वरच्या मजल्यावरून खाली उतरला नव्हता. वडिलांची जुनी दोन दारांची स्पोर्ट्‌स कार त्याने न विचारता हारुनाच्या घाटात नेली होती आणि इंजिनाचा पार भुगा होईपर्यंत दामटली होती. घराखालचं वडिलांचं, ओकुदांचं गॅरेज म्हणजे शिबुकावात नावाजलेलं. गाडी दोरीने ओढत आणावी लागली, ती भर बाजारातून. वडील एवढंच म्हणाले, "आजपासून तू माझा कोणी नाहीस." पोराने वर जाऊन दार लावलं ते लावलंच. बापानेही कधी ते ठोठावलं नाही. दोघेही सारखेच हेकट, दुसरं काय!

गाडी खाली धूळ खात पडली. मग गेल्याच्या गेल्या वर्षी ओबोनला, पितरांच्या दिवसांत, घरात माणसांची बरीच वर्दळ झाली. मंत्र, घंटा, उदबत्तीचा वास, सगळं जिन्यावरून वर आलं. दर ओबोनला येतं तसंच. हिसानोरी कानांत हेडफोन खुपसून पडून राहिला. पुढच्या आठवड्यात ताटात भाताशेजारी गॅरेजचा छापील कागद आला. त्यावर वडिलांच्या अक्षरात एकच ओळ होती : गाडीत दुसरं इंजिन टाकायचंय, कुठलं टाकू?

त्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

तेव्हापासून कागद येत राहिले. बापाला अचानक काहीच कसं कळेनासं झालं, याचं त्याला हसू येई. म्हातारा मुद्दाम विचारतोय, आपल्याला बोलतं करतोय, हे तो ओळखून होता. आणि त्याला ते आवडतही होतं. खालून पान्याची कटकट ऐकू आली की तो हेडफोन काढून ठेवी.

सहा सिलिंडरचं इंजिन बारगळलं. चार सिलिंडरचं, टर्बोवालं घ्यायचं ठरलं. इंजिन ज्यावर बसतं ते माउंट नवे करायचे, रेडिएटर मोठा घालायचा, सरकारी तपासणीची कागदपत्रं नव्याने करायची. सगळं हिसानोरीने आखून दिलं.

"बाबा काय म्हणाले?" तो दाराआडून विचारी.

"काय म्हणणार? मान डोलावली," आई म्हणे.

शनिवारी दुपारी ताटात शेवटचा कागद आला. 'उद्या इंजिन बसवतोय. एकट्याने जमणार नाही. तेव्हा बोललो ते माझं चुकलं. खाली ये.'

हिसानोरीने तो इतक्यांदा वाचला की घडीवर फाटला. रडला. जेवण तसंच निवून गेलं.

रविवारी सकाळी दहा वाजता त्याने दार उघडलं. कठडा धरून तो एकेक पायरी उतरला आणि गॅरेजात गेला. गाडी उचलून ठेवलेली होती. इंजिन साखळीला लटकत होतं. गाडीखालून वडिलांच्या निळ्या कामाच्या कपड्यातले दोन पाय बाहेर आले होते.

"बाबा," तो म्हणाला. "आलो मी."

चाकांची फळी घरंगळत बाहेर आली. फळीवर आई होती. गालावर वंगण, हातात पाना.

"बाबा कुठेत?"

ती उठून बसली. "त्या ओबोनलाच गेले रे. दोन वर्षं होतील."

"मग हे कागद?"

"मीच लिहायचे. त्यांची सगळी कागदपत्रं मीच लिहीत आले. अक्षर त्यांच्यासारखंच वळलंय."

हिसानोरीने खिशातला फाटका कागद काढून पुढे धरला. "पण हे? माझं चुकलं, हे तरी ते म्हणाले असतील ना? जाण्याआधी?"

आई फडक्याने बोटं पुसत राहिली.

"शेवटच्या दिवशी मी तुला बोलवायला निघाले होते," ती म्हणाली, "तर अर्ध्या जिन्यातून हाक मारून परत फिरवलं त्यांनी मला."