घरातलं बोलणं

कुमुदिनीने टेप थांबवली. याकूब-सान पुन्हा पुस्तकातलं बोलायला लागले होते.

क्योतोत लेकीकडे आलेला हा तुर्कस्तानातल्या खेड्यातला म्हातारा. घरी अरामी बोलणारा दुसरा माणूस तिला अख्ख्या जपानात सापडला नव्हता. तिचा प्रबंध तेराव्या शतकातल्या सुरियानी, म्हणजे चर्चमधल्या जुन्या अरामी, स्तोत्रांवर होता. भाषा ग्रांथिक, शुद्ध. पण लिहिणारे खेड्यातले, त्यामुळे मधूनच त्यांचं घरचं बोलणं डोकावायचं. ते दाखवायला आजचं घरचं बोलणं हवं होतं. नाहीतर ते प्रकरण काढून टाका, असं तिच्या मार्गदर्शक सेन्सेईंनी सरळ सांगितलं होतं. आणि म्हाताऱ्याचं परतीचं विमान उद्याचं.

पण हा ऐकेल तर शपथ! विद्यापीठात जायचं म्हणून चौऱ्याण्णवच्या त्या भयंकर उकाड्यात कोट-टाय घालून आला, आणि टेप सुरू झाली की वेदीपुढे उभा असल्यासारखा बोलायला लागला. स्तोत्रात घरचा शब्द दिसला की स्वतःच सुधारून वाचायचा, वर लिहिणाऱ्याला नावं ठेवायचा. तिने स्वयंपाकाचं विचारलं, भांडणाचं विचारलं. शेवटी हरवलेल्या बकरीला कशी हाक मारता, तेही विचारलं. त्याने बकरीलासुद्धा शुद्ध भाषेत बोलावलं. कुमुदिनीचं डोकंच उठलं.

"याकूब-सान, आईशी बोलायचात ना, तसं बोला. हात जोडते तुमच्यापुढे," ती इंग्रजीत म्हणाली.

"ते गावंढळ बोलणं," तो त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "प्रोफेसर ऐकणार, आणि मी तसं बोलू?"

मग मात्र तिचा तोल गेला. आम्हीही घरी मालवणीच बोलतो, पुण्यात लोक त्यालाही गावंढळच म्हणतात, पण मला त्याची काडीचीही लाज नाही, असं तिने त्याला चांगलं सुनावलं. बोलताना तिचा आवाज चढला होता.

म्हाताऱ्याने टेपरेकॉर्डर तिच्यापुढे सरकवला आणि लाल बटण दाबलं.

"मग आधी तू. आईशी बोल."

त्यात काय एवढं, असं वाटून कुमुदिनीने ओढणी सारखी केली, ताठ बसली, घसा साफ केला.

"आई, मी कुमुदिनी बोलत आहे," ती म्हणाली. "इकडे सर्व कुशल आहे."