सोललेली वायर

"सुरतेची गाडी असंल तर तशीच पुढं न्या," सावळीराम गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानातूनच म्हणाला. "घरात पंधरा दिवसांचं पोर हाय."

पेठ रोडवरून फियाट ढकलत आणणारा माणूस थांबला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "नाय हो, पेठहून आलो. सायखेड्याला चाललोय. इथं पाणी प्यायला थांबलो, तवापासून गाडी सुरूच व्हइना."

सावळीराम पुढे झाला. नंबरप्लेट चिखलाने भरली होती. घाटातून आलेल्या गाडीला चिखल असायचाच, अशी त्याने मनाची समजूत घातली. चौऱ्याण्णवचा पितृपक्ष होता आणि सुरतेत प्लेग लागल्याला पाच दिवस झाले होते. नाशकातल्या औषधाच्या दुकानांत प्लेगवरची टेट्रासायक्लिन मिळेनाशी झाली होती. धडधाकट माणसंही तोंडाला रुमाल बांधून हिंडत होती. सावळीरामचं घर दुकानाच्या मागेच, आणि मुलगी योगिनी बाळंतपणाला आलेली. पितृपक्ष म्हणून नातवाचं बारसंसुद्धा लांबलं होतं. अशा दिवसांत कुणाला दारात उभं करायचं, याचा विचार माणसाने करायलाच हवा. पण बंद पडलेली गाडी दिसली की सावळीरामचे हात शिवशिवत, त्याला कुणाचा इलाज नव्हता.

त्याने हॉर्न दाबला. वाजला. दिवे लावले, तेही लागले. "बॅटरी ठणठणीत हाय." चावी फिरवली तर मात्र स्टार्टर ढिम्म. डॅशबोर्डवरचा लाल दिवाही पेटेना.

मागच्या सीटवर एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर आठ-नऊ वर्षांची मुलगी, भर दुपारची गोधडीत गुंडाळलेली.

"हिला काय झालं?"

"गाडी लागली," माणूस चटकन म्हणाला.

सावळीराम उताणा झाला आणि त्याने डॅशबोर्डखाली डोकं घातलं. टेस्ट लॅम्पच्या बल्बची एक वायर गाडीच्या पत्र्याला लावून दुसरी तो एकेका जोडावर टेकवू लागला. चावीच्या स्विचपर्यंत बल्ब पेटत होता, स्विचच्या पुढे पेटेना. बोटांनी चाचपत गेला, तर दोन वायरी कुरतडलेल्या.

"उंदीर," तो खालूनच म्हणाला. माणूस दाराशी वाकून बघत राहिला.

उंदराने वायर खाल्ली यात नवल ते काय. सावळीरामने पहिलं टोक खाली ओढलं आणि दातात धरलं. खिशात पक्कड असली तरी वायर दातानेच सोलायची, ही त्याची तीस वर्षांची खोड. पुढच्या दाताला त्यापायी खाच पडली होती. प्लास्टिकचा तुकडा त्याने थुंकून टाकला, दुसरं टोक सोललं, पीळ दिला, टेप गुंडाळली. लाल दिवा लागला. मग दुसरी वायर घेतली. ही जिभेला चिकट लागली, कडवटही. तीसुद्धा त्याने तशीच सोलली.

जोडताना हाताला जागा व्हावी म्हणून त्याने वायरींचा जुडगा खाली खेचला, तसं उंदराचं अख्खं घरटं त्याच्या छातीवर पडलं. कागदाचे कपटे, कापूस, आणि त्यात चमचमणारे जरीचे धागे. मधोमध उंदीर. मेलेला, फुगलेला, तोंडाशी रक्त सुकलेलं.

सावळीराम बाहेर आला.

"जरीचे कारखाने सुरतेला. पेठला कुठं हाय?" त्याने विचारलं.

मागे मुलगी खोकली आणि बाईने पदराने तिचं तोंड दाबलं.

"मी वायर तोंडात घातली तवा तुम्ही बघत होते."

"हो."

"मग बोलले का नाय?"

"बोललो असतो तर तुम्ही जोडली असती का?"

सावळीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वायर जोडली नाही तर गाडी इथेच राहणार, त्या पोरीसकट, योगिनीच्या खाटेपासून वीस पावलांवर. तो निमूट पुन्हा आत शिरला. इतक्या झटपट काम त्याने जन्मात केलं नसेल. फियाट पहिल्या चावीला सुरू झाली.

"सिव्हिलला न्या तिला. आत्ताच्या आत्ता."

"नेतो," माणूस म्हणाला. त्याने खिशातून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूलची पट्टी काढली, तिच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि अर्धी फाडून स्टुलावर ठेवली. "जेवल्यावर घ्या."

सिव्हिलचा रस्ता उजवीकडे जात होता. फियाट डावीकडे वळली.

सावळीरामने ती घाण रॉकेल ओतून पेटवली. हात धुतले, चुळा भरल्या, साबणाचं बोट दातांवरून फिरवलं, पुन्हा चुळा भरल्या. तोंडातली चव जाईना. मरायचं भय त्याला फारसं वाटलं नाही. दुकानातून घरात जाणाऱ्या दाराचंच वाटू लागलं.

तेच दार उघडलं. योगिनी बाळाला घेऊन उभी होती. "आप्पा, घ्या जरा याला. तुमच्याशिवाय गप राहत नाय."

सावळीरामने तोंडावर हात धरला आणि मान हलवली.

"का हो? काय झालं?"

ती दोन पावलं पुढे आली. तो दोन पावलं मागे सरला. ती आणखी पुढे आली, तसा तो पायरी उतरून रस्त्यावर गेला.

"दार लाव," तो हाताआडूनच म्हणाला. "आतून कडी घाल."

योगिनी जागची हलली नाही. त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी ओरडून. बाळ दचकून रडायला लागलं. मग दार लागलं, आणि बऱ्याच वेळाने कडीचा आवाज आला. तेव्हा कुठे त्याने तोंडावरचा हात काढला.