ओठांवरचं नाव

ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी त्या हिंदी थ्रिलरचाच विषय होता, म्हणून ऐकू येणं बंद झाल्यापासून थिएटरकडे न फिरकलेल्या आत्याला मी हट्टाने घेऊन गेले. शेवटी जखमी इन्स्पेक्टर मरता मरता खुन्याचं नाव घेतो, "डॉक्टर", आणि सिनेमा संपतो. मला तो शेवट अगदीच ओढूनताणून आणलेला वाटला. दिवे लागले तेव्हा मनात आलं, नसता उपद्व्याप केला. आता ही पुन्हा काही माझ्याबरोबर यायची नाही.

"सॉरी, आत्या. एवढा गाजावाजा आणि निघालं काय," मी तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाले.

"अगं, मी तर गारच झाले," ती नेहमीसारखी मोठ्याने म्हणाली. पुढची अख्खी रांग वळून बघायला लागली. "वहिनीचा एकदा तरी संशय आला का तुला? आणि आता आठवून बघ, दर खुनाच्या वेळी दार तिनेच उघडलेलं."

"खुनी डॉक्टर आहे, आत्या."

"काहीतरीच तुझं. पडदाभर चेहरा होता इन्स्पेक्टरचा. 'भाभी' म्हणाला तो."

मी स्वतःशीच पुटपुटून पाहिलं. 'भाभी' म्हणताना ओठ दोनदा मिटतात. 'डॉक्टर' म्हणताना एकदाही नाही. आणि पडद्यावर ते मिटलेले मीही पाहिले होते.

शूटिंग झाल्यावर कधीतरी खुनी बदलला होता, पण फक्त आवाजात. त्या भरलेल्या थिएटरात मूळ सिनेमा एकट्या आत्यानेच पाहिला होता.