इंजिनाचं नाक

गुऱ्हाळाचं इंजिन भकाभका काळा धूर ओकत होतं आणि चरकात चार ऊस घातले की गळपटत होतं. "आता भंगारातच घालूया, आई," बाजीराव म्हणाला. गुऱ्हाळ मोडून इचलकरंजीला बिऱ्हाड करायचं त्याच्या डोक्यात वर्षभर घोळत होतं. भंगारवाला तर काटा घेऊनच येऊन बसला होता.

हौसाबाईनं धुराकडं बघितलं. "काळा धूर म्हंजे ह्याला पोटाला मिळतंय, पण श्वास मिळंना. नाक कुणी दाबलंय बघते." तिनं स्वतः हवेच्या गाळणीचं झाकण उघडलं. आत कापडाची घडी ठासून बसवली होती. ती ओढून काढताच इंजिन दणक्यात धडधडायला लागलं आणि धूर विरला.

लेकाला शिव्या हासडायला तिनं तोंड उघडलं, पण कापडावर बोट फिरलं आणि ती त्याच्या कडा निरखायला लागली. चारी कडा दुमडून बारीक टाक्यांनी शिवल्या होत्या, सुटलेला दोरा इंजिनात जाऊ नये म्हणून. ही काळजी तिनं पोटच्या पोरांना शिकवली नव्हती. त्यांना डिझेलचा वाससुद्धा सोसत नव्हता. एकट्या सुनेला, बाजीरावाच्या बायकोला शालनला, तिनं जवळ बसवून शिकवली होती.

शालन रस उकळायच्या काहिलीपाशी खाली मान घालून उभी होती.

"बाजीराव, ह्या पाव्हण्याला चहा पाजून वाटंला लाव," हौसाबाई म्हणाली. मग कापड तिनं सुनेच्या हातात ठेवलं.

"इंजिनाचा जीव जपलास गं. माझा न्हाई."