उपाशीपोटी

"काही खाल्लं का, भैया?" सुमन सिस्टरनं विचारलं.

"केळं," नीलेश म्हणाला.

"किसने दिया?"

"चारूनं."

सिस्टरनं मान वर करून पाहिलं ते नीलेशच्या आईकडे. चारू म्हणजे नीलेशची मुलगी. डेंग्यूत ती गेली त्याला दोन पावसाळे झाले होते. ती कुठून केळं देणार! पण नीलेशच्या ओठाच्या कडेला केळ्याचा गर चिकटला होता, आणि तो काही भास नव्हता.

"अम्मा, पिछली बार भी यही हुआ. पोटात काही असताना भूल दिली, तर ते उलटून छातीत जातं. जान जा सकती है. पाणीसुद्धा नको म्हटलं होतं ना?"

"म्या नही दिलं, माय," मालूबाई म्हणाली.

सिस्टर नुसती हसली. बऱ्हाणपुरात नोकरी करून तिला एक कळलं होतं. इथं उपास म्हटलं की केळं आलंच. उपाशी आणा म्हटलेला पेशंट केळं नाहीतर साबुदाणा खाऊन येई, आणि घरचे वर शपथ घेऊन सांगत, अन्नाचा कण दिला नाही. त्यांचंही खोटं नसे.

भूल देणारे डॉक्टर खंडव्याहून आले होते. ते दुसरे पेशंट उरकून निघून गेले. नीलेशचा उपचार पुन्हा राहिला.

मालूबाईवर संशय यायला कारणही होतं. पहिल्या दिवशी तिनंच दवाखाना डोक्यावर घेतला होता. "माह्या पोराले करंट? तो काय मोटारपंप हाय?" डॉक्टरांनी तिला समोर बसवून नीट सांगितलं. तो झोपेत असेल, त्याला दुखणार नाही. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या सगळ्या देऊन झाल्या, आता हाच उपाय आहे. मधलं काही दिवस आठवणार नाही, पण जेवायला लागेल, माणसांत येईल.

"आणि ह्यांना ऐकू येतात ते आवाज?" सुनेनं, प्रतिभानं, विचारलं होतं. तेवढाच एक प्रश्न.

"कमी होतील. बहुतेक बंदच होतील."

प्रतिभानं मान हलवली आणि दाखवलं तिथं सही केली.

तेव्हापासून मालूबाईचं मन पालटलं. पोराचा शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. ताट पुढं केलं की तो सरकवून द्यायचा. "चारू जेवली नही अजून." आता करंट देवो की काही देवो, पोरगं दोन घास जेवलं पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं.

निंबोल्याला परतताना ऑटोत प्रतिभा नवऱ्याचा हात धरून बाहेर बघत होती.

"म्या खरंच नही दिलं गं."

"जाऊ द्या, आई. विसरला असाल."

आवाजात राग नाही, काही नाही. चारू गेली तेव्हाही ही अशीच. डोळ्यांतून टिपूस नाही. बाया म्हणाल्या, दगड आहे. पण नवऱ्याची अंघोळ, गोळ्या, नखं, सगळं तीच करायची. संध्याकाळी ओसरीत नीलेशचं चारूशी बोलणं सुरू व्हायचं. तिची शाळा, तिची रिबन, तिचा हलणारा दात. मालूबाई कानात पदराचे बोळे घालायची. प्रतिभा पाठ करून चुलीपाशी बसलेली असायची, आणि नेमकी तेव्हाच तव्यावरची भाकर करपायची.

"ध्यान कुठं हाय, बाई?"

"कुठं नाही."

गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. शेजारची शांता म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ. सून बिचारी कोणाले सांगणार?" ते मालूबाईच्या जिव्हारी लागलं. मग तिलाच शंका यायला लागली. हल्ली चष्मा सापडत नाही, देवापुढं दिवा लावला की नाही ते आठवत नाही. दिलं असेल का आपणच? आईचा हात, गेला असेल सवयीनं.

पुढच्या खेपेसाठी डॉक्टरांनी बजावलं होतं, आता उशीर केलात तर नाकातून नळी घालून भरवावं लागेल. मालूबाईनं ओसरीत टांगलेला केळ्याचा घड उतरवून शांताच्या म्हशीपुढं टाकला. केळीच्या गावात बिनकेळ्याचं घर! स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली प्रतिभाच्या हातात दिली. स्वतःवर तिचा भरवसा उरला नव्हता.

सकाळी दवाखान्यात पोचल्यावर प्रतिभा नेहमीसारखंच म्हणाली, "आई, तुम्ही चिठ्ठी काढा. मी ह्यांच्याजवळ बसते."

खिडकीवरच्या माणसानं जुनी फाइल मागितली. फाइल प्रतिभाच्या पिशवीत होती. मालूबाई गुडघे धरत माघारी आली.

दवाखान्यामागं निंबाखाली एक बाक होता. त्यावर दोघं बसली होती. नीलेशनं ओठ घट्ट मिटलेले. प्रतिभाच्या हातात सोललेलं केळं होतं.

"चारूनं दिलंय," ती म्हणत होती. "खा."

त्यानं तोंड उघडलं.

प्रतिभानं त्याला अख्खं केळं भरवलं आणि साल पिशवीत घातली. मग ती त्याच्याकडे सरकली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"अहो, सांगा ना," ती म्हणाली. "पडला का तिचा दात?"