चपलांजवळचा फोटो

"आणखी खाली घे गा, धम्मदीप. चपला सोडताना सरळ तोंडासमोर आला पायजे."

धम्मदीपने खिळा उपसून वीतभर खाली ठोकला. आंधळगावच्या बुद्धविहाराच्या दारात, चपला सोडायच्या जागी, कंबोडियाचा हुकूमशहा पोल पॉट फोटोतून लागला. अश्वजित मास्तर मागे सरकून पाहू लागले आणि स्वतःवरच खूश झाले. तशी त्यांना सवयच होती.

आषाढी पौर्णिमा तोंडावर आली होती. कंबोडियाचे भंते सोवान्न वर्षावासासाठी गाव शोधत होते. आंधळगाव की नाकाडोंगरी, हे आज ते सांगणार होते. पावसाळाभर भंते आपल्याच विहारात राहावेत, म्हणून मास्तरांनी जिवाचं रान केलं होतं. 'कंबोडियाचे नेते' हे प्रदर्शन त्यासाठीच. आत सिहानूक, गादी सोडून राजकारणात उतरलेला राजा. बाहेर हा, ज्याने शहरं रिकामी केली, भिक्खूंची चीवरं उतरवली, लाखोंचे जीव घेतले. तोही कधीकाळी मास्तरच होता, पण ते अश्वजित मास्तर भाषणात गाळणार होते.

फोटो मात्र सहजासहजी मिळाला नव्हता. इंटरनेटवर पोल पॉटच्या हसऱ्या फोटोंचाच भरणा. लाखोंना मारणारा असा जावयासारखा हसताना कोण दारात लावेल? मास्तर खाली खाली शोधत गेले आणि ख्मेर रूजच्या, म्हणजे त्याच्याच संघटनेच्या, फोटोंत हवा तसा चेहरा सापडला. बसलेली गालफडं, घट्ट मिटलेले ओठ, रोखलेले डोळे, सदऱ्यावर आकड्याचा फौजी बिल्ला. भंडाऱ्याहून तो मोठा करून आणला.

विहार झाडणाऱ्या धुरपताबाईने वाकून पाहिलं.

"मास्तर, हा तं मले भेलेला दिसून राहिला."

"माय, जुलमी माणूस आतून भेकडच रायते. चेहरा वाचता आला पायजे."

दुपारपर्यंत गाव जमलं. फोटोपुढे चपलांचा ढीग झाला. धम्मदीपने तर आपला चिखलाचा बूट मुद्दाम फोटोला टेकवून ठेवला. लोक हसले.

भंते ऑटोतून उतरले. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. नागपुरात बरीच वर्षं राहिल्यामुळे ते पुस्तकासारखी स्वच्छ मराठी बोलत. दारात येताच ते थबकले. फोटोकडे पाहतच राहिले. मग खाली बसून त्यांनी तो बूट बाजूला ठेवला आणि एकेक चप्पल उचलू लागले.

"भंतेजी, राहू द्या!" मास्तर धावले. "याची जागा इथंच आहे."

चीवराच्या टोकाने भंतेंनी काचेवरचा चिखल पुसला, धुरपताबाईच्या ताटातलं कमळ घेऊन फोटोपुढे ठेवलं आणि हात जोडले. गर्दीत कुजबुज सुरू झाली. मास्तरांचा चेहरा उतरला. आता भंते नाकाडोंगरीला जाणार!

पण मास्तर हार मानणारे नव्हते. भंते असं का करतात, ते त्यांना एकदम उमगलं आणि त्यांचा ऊर भरून आला. ते गर्दीकडे वळले.

"पाहून घ्या सारे! याले म्हणतात करुणा! ज्यानं यांचा देश जाळला, त्याले फूल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"नाही, गुरुजी," टाळ्या थांबल्यावर भंते हळूच म्हणाले. "मारण्याआधी पोल पॉटची माणसं तुरुंगात प्रत्येकाचा फोटो काढत, सदऱ्याला आकडा टोचून. आता ते सगळे फोटो तिथल्याच भिंतीवर लावले आहेत. यांचं नाव मला माहीत नाही. पण तिथे गेलो की यांनाही हात जोडतो."

त्यांनी फोटो उचलून छातीशी धरला.

"यांच्या शेजारी माझी आई आहे."